गटात बसवून व्याकरण शिकवलं त्याची गोष्ट (आणि सहाचा पाच)

२१ मार्चला कृतिसंशोधनाच्या (म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून बघायचा) अहवालाची शेवटची प्रत जमा केली, पोच घेतली आणि बसस्टॉपवर येऊन उसाचा रस प्यायले. सात महिने चाललं होतं हे. सुरुवात केली तेव्हा मी नेटवर खूप शोधलं की कुणी असं आठवीला व्याकरण गटातून शिकवून पाहिलंय का, तर एकतर व्याख्याच व्याख्या मिळायच्या, नाहीतर असे अहवाल की उपक्रम केला आणि सगळी पोरं हुशार झाली. मध्ये काय झालं, पोरं भांडली का, बाक कुठं सरकवले, हे कुणी सांगतच नाही. म्हणून जसं झालं तसं लिहितेय, लांबेल थोडं.

मी फलटण तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. आठवीचा वर्ग, पट ३६. मराठीच्या बाकी गोष्टी आमच्या पोरांना जमतात, गोष्टी सांगतात, कविता चालीवर म्हणतात, पत्रलेखन पण बरं. पण व्याकरण म्हटलं की वर्ग मेल्यासारखा. वर्षानुवर्षं माझी पद्धत एकच, फळ्यावर व्याख्या, खाली तीन उदाहरणं, मग घरचा अभ्यास. पोरं व्याख्या पाठ करतात. 'ज्या प्रयोगात क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषानुसार बदलते' हे धाडधाड म्हणतात आणि समोर वाक्य ठेवलं की डोळे मिटून कर्तरी, कर्मणी, भावे यातलं एक उचलतात. त्या वर्षी आठवीला शिष्यवृत्तीची परीक्षा होती, पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० मार्कांना, त्यात हे सगळं यायचं, आणि तिथं अंदाजपंचे किती चालणार.

१४ ऑगस्ट २०२४ ला मुख्याध्यापक सरांनी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्र टाकलं, डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) कृतिसंशोधनाचे प्रस्ताव मागवलेत, ३१ ऑगस्टपर्यंत द्यायचे. अशा पत्राला आमच्याकडं सगळे अंगठा दाखवतात आणि पुढं जातात. मी पण दाखवला. पण त्याच आठवड्यात घटक चाचणीचे पेपर तपासत होते आणि एकीनं 'राजवाडा' या शब्दाचा विग्रह 'राजा आणि वाडा' असा केला होता, पुढं लिहिलं होतं 'द्वंद्व समास, कारण दोघांत भांडण'. हसू पण आलं आणि वाटलं की हिनं निदान डोकं तरी चालवलंय, बाकीच्यांनी ते पण नाही. त्या रात्री प्रस्ताव लिहायला घेतला.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रस्ताव दोन-तीन पानांचाच असतो, पण शब्द असे असतात की माणूस घाबरतो. समस्या विधान, उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, व्याप्ती व मर्यादा, नमुना, साधने. घाबरायचं कारण नाही. काय अडलंय, कुणाचं अडलंय, मी काय करून बघणार, आणि फरक पडला हे कशावरून म्हणणार, एवढीच चार उत्तरं आहेत ती. मी आधी साध्या बोलीत वहीत लिहिलं आणि मग त्याला कोट-टाय घातला. शीर्षक झालं 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या मराठी व्याकरणातील अडचणींचा शोध व सहकार्यात्मक अध्ययनाद्वारे उपाययोजना'. घरी वाचून दाखवलं तर आमचे हे म्हणाले, एवढ्यात एक बस जाते.

सोबत मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र लागतं, त्यावर जावक क्रमांक आणि शिक्का हवा. मी पहिल्यांदा शिक्का घेतला, जावक क्रमांक विसरले, परत गेले, तर क्लार्क भाऊसाहेब रजेवर. दोन दिवस त्यात गेले. ३० तारखेला प्रस्ताव दिला. मंजूर झाल्याचं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला कळलं.

मधल्या काळात थोडं वाचलं. मला वाटायचं गटात बसवलं म्हणजे झालं, ज्ञानरचनावादाच्या (पोरं स्वतः करून शिकतात या विचाराच्या) लाटेत आपण सगळ्यांनी सतरंज्या अंथरून गोल बसवलंच होतं की. पण सहकार्यात्मक अध्ययनवाले वेगळं सांगतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ-भाऊ आयुष्यभर यावरच काम करत आले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गटातल्या प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडली पाहिजे, आणि तरी प्रत्येकाचा हिशोब वेगळा झाला पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर तो गट नाही, नुसतं जवळ-जवळ बसणं. हे वाचलं तेव्हा मान डोलावली, कळलं मात्र नंतर, तोंडावर आपटल्यावर.

२३ सप्टेंबरला पूर्वचाचणी घेतली, २५ मार्कांची. विभक्ती ५, समास १०, प्रयोग १०. सरासरी नऊच्या आसपास आली. प्रयोगात अकरा पोरांना शून्य. एक टिप इथंच देऊन ठेवते, पूर्वचाचणीचे पेपर पोरांना परत देऊ नका, जपून ठेवा, परिशिष्टात दोन-तीन नमुना पेपर लावावे लागतात, मी वाटून मोकळी झाले आणि मग घरोघर फिरून गोळा केले, एकाचा तर कुकरखाली सापडला.

मार्कांप्रमाणे यादी केली, आणि नऊ गट पाडले, चार-चार जणांचे. प्रत्येक गटात एक वरच्या फळीतला, दोन मधले, एक खालचा. मुली-मुलं मिसळून. पोरांना हे आवडलं नाही, त्यांना आपल्या मैत्रिणीजवळ बसायचं होतं, एक मुलगी रडली पण. मी हटले नाही. आमचे बाक लांब आणि जड, त्यामुळं व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, नऊ गटांतले पाच व्हरांड्यात, चार वर्गात. पाऊस असला की सगळे आत, आणि मग जो काही गोंगाट व्हायचा! शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, आज आठवडी बाजार इकडंच भरला का?" त्यांचं चुकलं नव्हतं.

पहिला तास विभक्तीचा, २६ सप्टेंबर. मी प्रत्येक गटाला एक उतारा दिला आणि त्यातली नामं शोधून विभक्ती लिहा म्हटलं. वीस मिनिटांत नऊच्या नऊ कागद माझ्या हातात, बऱ्यापैकी बरोबर. मी खूश. घरी जाऊन निवांत बघितलं तर सगळ्या कागदांवर एकेकच अक्षर, गटातल्या हुशार पोराचं. दुसऱ्या दिवशी मागच्या पोरांना विचारलं तर एकजण सरळ म्हणाला, "मॅडम, ती लिहीत होती, आम्ही कागद धरला होता." वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मग डोक्यात प्रकाश पडला, जॉन्सन बंधू काय म्हणत होते. तिथून मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे गटातल्या प्रत्येकाला नंबर, एक ते चार. प्रश्न गटाला विचारायचा, डोकी एकत्र करून दोन मिनिटं बोलू द्यायचं, आणि मग मी डब्यातून चिठ्ठी काढणार, 'तीन'. सगळ्या गटांचे तीन नंबरवाले उभे. उत्तर त्यांनी द्यायचं, का तसं ते पण सांगायचं. ही स्पेन्सर केगन यांची पद्धत म्हणून ओळखली जाते, पोरांनी तिला 'लॉटरी' नाव दिलं. लॉटरीमुळं झालं काय, कागद धरणाऱ्याला समजावल्याशिवाय गटाला गत्यंतर राहिलं नाही. मी पहिल्यांदाच पाहिलं की आमची वर्गातली एक नंबर पोरगी कपाळावर हात मारून म्हणतेय, "अरे, ऐक ना नीट, तुझा नंबर लागला तर आपण मेलो."

दुसरी गोष्ट म्हणजे सुधारणा गुण. हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाव्हिन यांचं. दर आठवड्याला एक छोटी चाचणी, ती मात्र एकट्यानं सोडवायची, गट बंद. आणि गटाला गुण मिळणार ते कुणाला किती मार्क पडले यावर नाही, आपल्याच आधीच्या मार्कांपेक्षा कोण किती वर सरकलं यावर. मूळ हिशोब शेकड्यात आहे, ५, १०, २० आणि ३० असे टप्पे. माझी चाचणी दहा मार्कांची, म्हणून मी सोपं केलं. आधीपेक्षा कमी पडले तर १०, तेवढेच किंवा एक जास्त तर २०, दोन किंवा अधिक जास्त तर ३०, आणि पैकीच्या पैकी असतील तर कसंही ३०, नाहीतर हुशार पोरांवर अन्याय, त्यांनी वर सरकायचं कुठं. याचा परिणाम मला वाटलं त्यापेक्षा जास्त झाला. दोन मार्क पडणारा पोरगा पाच वर गेला तर तो गटाला तीस मिळवून देतो, आणि आठवरून सातवर आलेली हुशार पोरगी दहाच. ज्याला गटात कुणी घ्यायला तयार नव्हतं त्याच्याभोवती मधल्या सुट्टीत तिघं बसलेली मी पाहिली, डबा त्याचा आणि शिकवणी यांची.

ऑक्टोबरात समास घेतला, त्याला जिगसॉ वापरलं. चित्राचे तुकडे जोडतात ना, तसं. समासाचे मुख्य प्रकार चार, गटात पोरं चार. अव्ययीभाव एकाकडं, तत्पुरुष दुसऱ्याकडं, द्वंद्व तिसऱ्याकडं, बहुव्रीही चौथ्याकडं. सगळे अव्ययीभाववाले आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करणार, त्यांना तज्ज्ञ म्हणायचं, आणि मग आपापल्या गटात परत येऊन बाकी तिघांना शिकवणार. तज्ज्ञ गट नऊ जणांचा होत होता, नऊ म्हणजे परत बाजार, म्हणून त्याचे दोन-दोन केले. ही पद्धत १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं काढली. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानंच एका वर्गात आणलेली, एकमेकांशी पटत नव्हतं, भांडणं होत होती. प्रत्येकाकडं एक तुकडा असा दिला की त्याचं ऐकल्याशिवाय बाकीच्यांचं चित्र पूर्णच होणार नाही. हे वाचताना मला फार लांबचं वाटलं होतं, डिसेंबरात वाटेना.

जिगसॉची मोठी अडचण म्हणजे गैरहजेरी. पहिल्याच दिवशी दोन गटांचे द्वंद्ववाले गायब, एक कापसाला गेलेला, एकीला ताप. म्हणजे त्या गटांचा द्वंद्व गेला! मग प्रत्येक तज्ज्ञ गटातून एकाला 'फिरता तज्ज्ञ' केलं, जिथं जागा मोकळी तिथं त्यानं जायचं. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि भांडणं. 'वडापाव' कुठला समास? अर्धा वर्ग म्हणे वडा आणि पाव, द्वंद्व. अर्धा म्हणे पुरण घातलेली पोळी ती पुरणपोळी तसा वडा घातलेला पाव, मधली पदं लोपली, म्हणजे तत्पुरुषातला मध्यमपदलोपी. गट नंबर तीनच्या पोरीनं युक्तिवाद केला की, "गाड्यावर आपण वडा आणि पाव वेगळे घेऊन खाल्ले तर त्याला वडापाव म्हणतो का? नाही, तेव्हा वडा-पाव म्हणतो, मध्ये थांबून." मी निकाल दिला नाही. वर्गात गप्प बसणं हे मला सगळ्यात अवघड गेलेलं काम, तोंडाशी आलेलं उत्तर गिळायचं. वीस वर्षांची सवय आहे बोलायची.

त्यानंतर सगळं थांबलं. सत्र परीक्षा, दिवाळी, आणि विधानसभेची निवडणूक. दोन ट्रेनिंग, मग १९ नोव्हेंबरला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान, पेट्या जमा करून घरी यायला रात्रीचे दोन. माझ्या कार्यवाहीच्या आराखड्यात नोव्हेंबरमध्ये आठ तास दाखवले होते, झाले शून्य. कुणी वर्षाचा आराखडा करत असेल तर नोव्हेंबर कोरा सोडा. २५ तारखेला परत सुरू केलं तर पोरं गटाचे नंबर पण विसरली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात एक नवीन मुलगा आला. बीड जिल्ह्यातला, आईवडील ऊसतोडीला आलेले. गाळप सुरू झालं की आमच्याकडं टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि त्यातली काही मुलं हंगामापुरती शाळेत बसतात. सोबत तिकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड असतं, त्यावर इकडच्या शाळेत बसता येतं. बरीचशी मुलं शेवटच्या बाकावर बसतात, आणि मार्चमध्ये गेली की आपल्याला आवाजसुद्धा आठवत नाही त्यांचा. मी त्याला गट नंबर सहामध्ये घातलं. सगळे गट चौघांचे, हा पाचवा, म्हणून नंबर पाच. हजेरीत नाव होतं पण वर्गात त्याला 'सहाचा पाच'च म्हणायला लागले. लॉटरीच्या डब्यात मी पाचची चिठ्ठी टाकली, ती निघाली की अख्ख्या वर्गात तो एकटाच उभा राहणार. पहिल्यांदा निघाली तेव्हा उभा राहिला, खाली बघत राहिला, बसला. मला वाटलं उगाच टाकली चिठ्ठी.

प्रयोगाला मी कामं वाटून दिली होती. एकानं क्रियापद शोधायचं, दुसऱ्यानं कर्ता, तिसऱ्यानं कर्म, चौथ्यानं लिंग-वचन बदलून बघायचं की क्रियापद कुणाच्या मागं जातंय. पुढच्या कार्डाला कामं फिरवायची. पाचव्याला काम काय द्यायचं कळेना, म्हटलं, तू ऐक आणि पटलं नाही तर सांग. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' हे सगळ्यांना आलं. 'पोलिसांनी चोराला पकडले' याला थोडा त्रास, कारण आमची पोरं बोलताना 'चोराला पकडला' पण म्हणतात, मग पुस्तकाच्या भाषेत क्रियापद हलत नाही हे आधी पटवावं लागलं.

१२ डिसेंबर, गुरुवार. कार्ड होतं 'मी भाकरी खाल्ली'. आठ गटांनी कर्तरी म्हटलं. कारण? 'मी'ला 'ने' लागलेला नाही, म्हणजे प्रथमा, म्हणजे कर्तरी. सहा नंबरच्या गटात मात्र वाद चाललेला. चौथी म्हणत होती, भाकरीच्या जागी आंबा घातला तर 'खाल्ला' होतंय, मुलगा बोलू दे नाहीतर मुलगी, 'खाल्ली'च राहतंय, म्हणजे क्रियापद भाकरीच्या मागं आहे, कर्मणी. पहिला म्हणत होता, मग 'ने' कुठाय? कर्मणीत कर्ता तृतीयेत पाहिजे. दोघांचंही बरोबर. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि दात आवळून गप्प.

तेव्हा सहाचा पाच हळूच म्हणाला, "आमची आज्जी 'म्या भाकर खाल्ली' म्हणती."

गट हसला. शेजारचे दोन गट पण हसले. त्याचे कान लाल झाले. आणि मी एकदम खाली सतरंजीवर बसले, कारण मला जे सांगायला तीन तास लागले असते ते त्यानं सहा शब्दांत सांगितलं होतं. मी विचारलं, "आणि आज्जी गावाला गेली तर काय म्हणते? म्या गेले?" तो म्हणाला, "न्हाय, मी गेले. खाल्ली, केली, आणली, त्याला म्या."

हसणं थांबलं. 'म्या' हे 'मी'चं तृतीयेचं रूप. जुन्या मराठीत 'म्यां' लिहायचे, आणि 'तू'चं 'त्वां'. पुस्तकी मराठीत ते झिजून 'मी' आणि 'तू' असंच राहिलं, त्यामुळं प्रथमा आणि तृतीया दिसायला सारख्या, आणि आमची सगळी पोरं फसतात, शिक्षक पण फसतात. आज्जीच्या बोलण्यात मात्र दोन्ही अजून वेगळी आहेत. चौथी ओरडली, "म्हणजे 'ने' आहे! लपलाय!" मग त्या गटानं कामच सुरू केलं, कार्ड उचलायचं आणि पाचला विचारायचं, हे आज्जी कसं म्हणेल. 'मी कविता वाचली'? म्या. 'मी शाळेत आलो'? मी. 'मी दप्तर आणले'? म्या. म्या असेल तर कर्तरी नाही. दहा मिनिटांत दुसऱ्या गटांतून पोरं उठून येऊन विचारायला लागली. आमच्या गावात पण म्हाताऱ्या बायका म्या म्हणतात की, पण आमच्या पोरांना शाळेत ते म्हणायची लाज. दुसऱ्या दिवशी सात-आठ जण आपापल्या आज्यांची वाक्यं वहीत लिहून घेऊन आली, एकीनं तर आज्जीला मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं.

सगळं सरळ झालं असंही नाही. गट दोनमधल्या एकानं विचारलं, "'मी पाणी प्यायलो' मग? पाणी कर्म आहे, आणि मुलगी 'प्यायले' म्हणते." मला पटकन सांगता येईना, उद्या सांगते म्हटलं. घरी पुस्तकं काढली. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे अशी थोडी क्रियापदं आहेत की कर्म असूनही भूतकाळात कर्त्याच्याच मागं जातात, मी धडा शिकलो, मी वही विसरले. दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि 'मला भूक लागली' यात पोरं 'मला' हाच कर्ता धरतात, तिथं लागली कोण, भूक, असं विचारत जावं लागतं. त्याला अजूनही निम्मा वर्ग अडखळतो.

मध्येच एक पालक भेटायला आले, हुशार मुलीचे वडील. म्हणाले, मॅडम, माझी मुलगी दुसऱ्यांना शिकवत बसते, तिचा अभ्यास कधी व्हायचा, शिष्यवृत्ती तोंडावर आली. मला राग आला नाही, प्रश्न खराच आहे. मी त्यांना तिच्या आठवड्याच्या चाचण्या दाखवल्या, प्रयोगात तिचे मार्क सहावरून दहावर गेले होते. दुसऱ्याला सांगताना तिला स्वतःला कुठं येत नाही ते कळत होतं. ते गेले, पण पूर्ण पटलं असेल असं वाटत नाही.

१० जानेवारीला उत्तरचाचणी. सरासरी सोळाच्या थोडी वर. प्रयोगात शून्यवाले अकराचे दोन झाले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तुलनेला दुसरा गट नव्हता, एकच तुकडी, आणि तेवढा वेळ मी फळ्यावर शिकवलं असतं तरी काही मार्क वाढलेच असते. ते मी अहवालात मर्यादांमध्ये लिहिलं. मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी-मूल्य ही संख्याशास्त्राची आकडेमोड करायला त्याच बाजारवाल्या गणिताच्या सरांनी मदत केली, एक्सेलमध्ये अर्ध्या तासात झालं, उगाच तीन महिने धास्ती घेतली होती. आता त्यांनी नववीला भूमितीला लॉटरी सुरू केलीय, गोंगाट तिकडून येतो.

अहवाल लिहिण्यातच फेब्रुवारी गेला. टायपिंग बाहेर दिलं, त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये केलं, मेलवर पाठवलं तर माझ्या मोबाईलवर सगळी चिन्हंच चिन्हं. परत युनिकोडमध्ये करायला आठवडा. आधीच सांगा, युनिकोडच पाहिजे, नाहीतर मोबाईलवर बोलून टाईप करा आणि शुद्धलेखन स्वतः बघा. हिशोब असा: कार्डशीट आणि स्केचपेन ३४०, झेरॉक्स ५४०, टायपिंग ४६ पानांचे १३८०, तीन प्रतींच्या प्रिंटा ४१४, स्पायरल १५०. एकूण २८२४ रुपये, पदरचे. आठवड्याच्या चाचण्या फळ्यावर लिहून दिल्या असत्या तर झेरॉक्सचे निम्मे वाचले असते.

मार्गदर्शक मॅडमना मसुदा दाखवायला गेले तेव्हा त्यांनी नमुन्याच्या तक्त्यावर बोट ठेवलं. मी ३७ लिहिले होते. त्या म्हणाल्या, पूर्वचाचणी किती जणांची? ३६. मग सदतिसावा घेता येणार नाही, त्याची तुलना कशाशी करणार? बरोबरच होतं. सहाच्या पाचला उत्तरचाचणीत १९ पडले होते, प्रयोगात दहापैकी नऊ. तक्त्यातून तो गेला. आलेखात नाही, सरासरीत नाही. 'म्या'ची गोष्ट 'निरीक्षणे' या मथळ्याखाली चार ओळीत बसवली, तिथंही 'एका विद्यार्थ्याने' एवढंच.

त्या हंगामात कारखाने लवकर बंद झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो हमी कार्ड घ्यायला आला, वडील बाहेर मोटरसायकलवर थांबलेले. कार्डावर हजेरी भरली, सही केली. व्याकरणाचं काही लिहायला त्यात जागा नव्हती. मग कपाटातून गट सहाचं प्रयोगाच्या कार्डांचं पाकीट काढून त्याला दिलं, म्हटलं तिकडं मित्रांबरोबर खेळ. त्यानं वरचं कार्ड बघितलं, हसला, आणि दप्तरात टाकलं.

गट सहासाठी नवा संच करायला चाळीस रुपये लागले. ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.